पोलिसांनी टाकलेली ‘थ्री नॉट थ्री’ अमेरिकेत शेकडो डॉलरला का जाते? जुन्या लष्करी रायफली ओळखायच्या कशा आणि त्यांचा भाव ठरतो कसा?

२६ जानेवारी २०२०. उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात एका जुन्या साथीदाराला निरोप दिला. या साथीदाराचं नाव पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल. काही दशकं पोलिसांच्या खांद्यावर राहिलेली ही बंदूक त्या दिवसानंतर इन्सास आणि एसएलआरसाठी जागा सोडून गेली.

मुंबईकरांना ही रायफल वेगळ्या कारणाने आठवते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात दहशतवाद्यांच्या हातात एके-४७ होत्या आणि समोर उभ्या राहिलेल्या काही पोलिसांच्या हातात ही थ्री नॉट थ्री. त्यानंतर बरेच दिवस एकच चर्चा होती, पोलिसांना अजून ही भंगार बंदूक का देता?

आता गंमत बघा. आपण जिला भंगार म्हणतो, तिच्याच बहिणी अमेरिकेत लिलावात चारशे, सहाशे, कधी हजार डॉलरच्या वर जातात. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर अशा जुन्या रायफलींचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. खाली कमेंटमध्ये हमखास दोन प्रश्न असतात: ही खरी आहे का, आणि कितीला मिळेल?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, रायफलीच्या अंगावर. तिच्यावर कोरलेली अक्षरं, आकडे आणि शिक्के ज्याला वाचता येतात त्याला भाव समजतो. ज्याला येत नाहीत तो विकणाऱ्याने सांगितलेल्या कहाणीचे पैसे मोजतो. हे शिक्के वाचायचे कसे, भाव कशाने वर-खाली होतो आणि भारतातला कायदा काय म्हणतो, ते एकेक करून समजून घेऊ.

सगळ्यात आधी, ‘मिलिटरी सरप्लस’ म्हणजे काय?

कुठलंही सैन्य नवी रायफल आणतं तेव्हा जुन्या लाखो रायफली गोदामात पडून राहतात. काही वितळवल्या जातात, काही मित्रदेशांना दिल्या जातात आणि काही व्यापाऱ्यांना वजनाच्या भावात विकल्या जातात. या शेवटच्या वाटेने बाजारात आलेल्या मालाला ‘सरप्लस’ म्हणतात. आपल्या भाषेत, सैन्याला नको असलेला शिल्लक माल.

या मालाची सगळ्यात मोठी बाजारपेठ अमेरिका. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या रायफली जहाज भरभरून तिथे पोहोचल्या आणि मासिकांतल्या जाहिरातींवरून टपालाने विकल्या जाऊ लागल्या. त्या किती स्वस्त होत्या, याचं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण १९६३ मधलं. ली हार्वे ऑस्वाल्डने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून दुर्बीण बसवलेली इटालियन कारकानो रायफल मागवली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. त्याच रायफलीने राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली.

पोलिसांना ती रायफल सापडली तेव्हा तिच्यावर ‘सी २७६६’ हा क्रमांक, १९४० हे साल आणि तेर्नी या इटलीतल्या कारखान्याचं नाव होतं. या खुणांवरून तपास आयातदारापर्यंत, तिथून दुकानापर्यंत आणि दुकानातून ग्राहकापर्यंत पोहोचला. संग्राहक आज हौसेसाठी नेमकं हेच करतो. खुणा वाचून बंदुकीचा प्रवास शोधतो.

पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेने बंदूक नियंत्रण कायदा केला. टपालाने बंदूक घरी मागवणं बंद झालं, लष्करी शिल्लक मालाची आयातही थांबली. १९८० च्या दशकात जुन्या, संग्राह्य बंदुकींपुरतं हे दार पुन्हा उघडलं.

थ्री नॉट थ्रीपासूनच सुरुवात का?

कारण ती आपल्या ओळखीची आहे आणि तिच्यावर वाचायला भरपूर मजकूर असतो.

तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. ली हे रचना करणाऱ्या जेम्स पॅरिस ली यांचं आडनाव आणि एनफिल्ड हे लंडनजवळचं सरकारी कारखान्याचं ठिकाण. पॉइंट ३०३ म्हणजे नळीचा व्यास इंचात, साधारण ७.७ मिलिमीटर. मॅगझिनमध्ये १० गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करायचा. या खटक्याला बोल्ट म्हणतात.

ही रायफल इंग्लंडबरोबरच ऑस्ट्रेलियात लिथगो इथे, कॅनडात, अमेरिकेत आणि पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतही बनली. पहिल्या महायुद्धातली आणि दुसऱ्या महायुद्धातली वेगळी. त्यामुळे ‘माझ्याकडे थ्री नॉट थ्री आहे’ हे वाक्य ‘माझ्याकडे मारुती आहे’ इतकंच मोघम आहे. कुठली, कुठल्या सालची, मूळ भाग किती शिल्लक, हे कळल्याशिवाय भाव निघत नाही.

ओळखायचं कसं? हे पाच मुद्दे बघा

१. मॉडेल, कारखाना आणि साल

पहिल्या महायुद्धातल्या ली-एनफिल्डवर बोल्टच्या मागे, लाकडी दस्त्याच्या तोंडाशी लोखंडी पट्टा असतो. त्याच्या उजव्या बाजूला वरपासून खाली मजकूर सापडतो: मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या ‘नंबर ४’ मॉडेलवर बहुतेक खुणा डाव्या बाजूला असतात. अमेरिकेत बनलेल्या नंबर ४ वर तर ‘अमेरिकेची मालमत्ता’ असा इंग्रजी शिक्काही असतो, कारण त्या मदत योजनेतून ब्रिटनला दिल्या गेल्या होत्या.

ईशापूरची रायफल ओळखायला सोपी. स्वातंत्र्यापूर्वीच्या रायफलीवर ब्रिटिश मुकुट आणि ‘ईशापूर’ हे नाव. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर. एफ. आय.’ म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर ही अक्षरं. देश बदलला आणि तो बदल लोखंडावरही उमटला. आणखी एक खूण म्हणजे पुढच्या लाकडात आडवा घातलेला मजबुतीचा स्क्रू. परदेशी संग्राहक त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात.

२. गोळी कुठली?

इथे नवखे गंडतात आणि जिवावर बेतू शकतं. १९६२ च्या चीन युद्धात आपलं सैन्य याच थ्री नॉट थ्री घेऊन लढलं. त्यानंतर ईशापूरने त्याच घडणीची, पण ७.६२ मिलिमीटर नाटो गोळीची रायफल बनवली. मॉडेलचं नाव ‘२ए’ आणि नंतर ‘२ए१’. लांबून पाहिलं तर ती हुबेहूब थ्री नॉट थ्री. जवळून पाहिलं तर मॅगझिन जास्त चौकोनी, त्यात १२ गोळ्या आणि बाजूला ७.६२ असं स्पष्ट कोरलेलं.

इंटरनेटवर एक गैरसमज वारंवार फिरतो की ही जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली तडजोड आहे. तसं नाही. ती जास्त चांगल्या पोलादात नव्याने बनवलेली रायफल आहे. अमेरिकेत ती मोठ्या संख्येने गेली आणि अनेक वर्षं तिथली सगळ्यात स्वस्त ली-एनफिल्ड होती. आज चांगल्या स्थितीतल्या २ए१ साठी साधारण चारशे ते सहाशे डॉलर मोजावे लागतात.

३. क्रमांक जुळतात का?

गाडीचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी जुळवून बघतो तसंच हे. ली-एनफिल्डचा क्रमांक मुख्य सांगाड्यावर असतो, बोल्टच्या दांड्यामागे असतो आणि बऱ्याचदा नळीच्या तोंडाकडच्या लोखंडी टोपीवर, मागच्या नेमदर्शकावर आणि लाकडाच्या खालच्या बाजूलाही असतो.

सगळीकडे एकच क्रमांक असेल तर रायफल कारखान्यातून निघाली तशीच आहे असं मानायला आधार मिळतो आणि भाव चढतो. बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर भाव उतरतो. यात सुरक्षेचाही मुद्दा आहे. बोल्ट त्या त्या रायफलीच्या मापाने बसवलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला तर गोळी आणि बोल्ट यांच्यातलं अंतर चुकू शकतं आणि गोळी मागे फुटू शकते. म्हणून बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराने मापं तपासल्याशिवाय जुनी रायफल झाडू नये.

जुना क्रमांक खोडून त्याच्या जागी नवा ठोकलेला दिसला तर? तो सैन्याच्याच कार्यशाळेत ठोकलेला असू शकतो किंवा परवा विकणाऱ्यानेही ठोकलेला असू शकतो. अक्षरांची ठेवण आणि आजूबाजूच्या लोखंडाचा रंग बघा. सगळीकडे काळपट जुनेपण आणि आकड्यांच्या कडा तेवढ्या चकाकत्या असतील तर सावध व्हा.

४. ‘डी. पी.’ हा शिक्का आहे का?

कॉलेजात एनसीसी केलेल्यांना हा शिक्का आठवेल. डी. पी. म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. अशी रायफल झाडण्याच्या लायकीची नाही असं सैन्यानेच ठरवलेलं असतं. भिंतीवर लावायला ठीक, पण भाव निम्म्याच्याही खाली. म्हणूनच काही विक्रेते हा शिक्का घासून टाकतात. शिक्क्याच्या जागी खोलगट, गुळगुळीत भाग दिसला तर हा प्रश्न विचाराच.

५. लाकूड कापलंय का?

पन्नास-साठ वर्षांपूर्वी वीस डॉलरच्या रायफलीची किंमत कुणाला होती? शिकाऱ्यांनी वजन कमी करायला पुढचं लाकूड कापलं, नळी आखूड केली, दुर्बिणीसाठी भोकं पाडली. आज अशा रायफलीला मूळ स्थितीतल्या रायफलीच्या निम्माही भाव येत नाही. कापलेलं लाकूड बदलता येतं, भोकं बुजवून मूळ स्थिती परत आणता येत नाही.

शिक्के फक्त थ्री नॉट थ्रीवर असतात का?

नाही. प्रत्येक देशाची स्वतःची लिपी आहे म्हणा ना.

जपानच्या अरिसाका रायफलीवर सम्राटाचं चिन्ह असायचं, सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा शस्त्रं खाली ठेवण्याआधी असंख्य रायफलींवरचं हे फूल घासून काढलं गेलं. आज फूल शाबूत असलेली रायफल घासलेल्या रायफलीपेक्षा बरीच महाग जाते, कारण ती शरणागतीआधी रणांगणावर हाती लागलेली असण्याची शक्यता जास्त.

जर्मन माउझर ९८के वर कारखान्याचं नाव नसतं, सांकेतिक अक्षरं असतात. युद्धात सोव्हिएत सैन्याने अशा रायफली प्रचंड संख्येने जप्त केल्या, खोलल्या, भाग एकत्र केले, पुन्हा जुळवल्या आणि नवे क्रमांक घातले. या ‘रशियन जप्ती’च्या माउझर आणि मूळ क्रमांक जुळणाऱ्या माउझर यांच्या भावात सहज दुप्पट-तिप्पट फरक असतो. दोन्ही अस्सल, दोन्ही युद्धात वापरलेल्या. पण एकीचा प्रवास मोडतोड होऊन झाला आहे.

रशियन मोसिन-नागांतवर तुळा कारखान्याचा तारा किंवा इझेव्स्कचा त्रिकोणातला बाण असतो. त्याच रायफलीवर चौकटीत ‘एस ए’ ही अक्षरं दिसली तर ती फिनलंडच्या सैन्याने वापरलेली. जप्त केलेल्या रशियन रायफली फिनिश कार्यशाळांनी सुधारून घेतल्या होत्या. ही दोन अक्षरं भाव वाढवतात.

उलट, अमेरिकेत १९८० च्या दशकानंतर आलेल्या रायफलींच्या नळीवर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव आणि गाव कोरलेलं असतं. कायद्यानेच तसं बंधन आहे. संग्राहकांना ही नंतरची खूण आवडत नाही, म्हणून भाव थोडा कमी. पण याचा एक फायदा आहे. ‘आजोबांनी १९४५ मध्ये जर्मनीहून स्वतः आणली’ असं विकणारा सांगत असेल आणि नळीवर आयातदाराचं नाव असेल, तर आजोबांची कहाणी तिथेच संपते.

बनावट माल कसा पकडायचा?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल आणि आसपासच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हाताने बंदुका बनवल्या जातात. ब्रिटिश मार्टिनी-हेन्री आणि ली-एनफिल्डच्या इतक्या हुबेहूब नकला तिथे बनल्या की त्यांना ‘खैबर पास कॉपी’ असं नावच पडलं. अफगाणिस्तानात तैनात अमेरिकी सैनिकांनी २००१ नंतर बाजारातून आठवण म्हणून घेतलेल्या अनेक ‘पुरातन’ रायफली अशाच निघाल्या.

कारागीर हुशार, पण इंग्रजी येत नाही. मग शिक्क्यांमध्ये उलटा एन, चुकलेलं स्पेलिंग, वाकडा मुकुट. आणि सगळ्यात मोठी चूक सालाची. व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं ‘व्ही. आर.’ आणि खाली साल १९०७! राणीचं निधन झालं जानेवारी १९०१ मध्ये. गेलेली राणी सहा वर्षांनी बंदुकीवर शिक्का कसा मारेल? इतिहासाची एक तारीख पाठ असली तरी पैसे वाचतात.

दुसरा प्रकार आहे खरी रायफल खोट्या नावाने विकण्याचा. १९४४ ते १९४७ या काळात ली-एनफिल्डची एक आखूड आवृत्ती बनली, ‘नंबर ५’. लोक तिला जंगल कार्बाइन म्हणतात. ती कमी बनली म्हणून महाग. मग अमेरिकेत काहींनी साध्या ली-एनफिल्ड कापून, तोंडाला नरसाळ्यासारखा भाग बसवून ‘जंगल कार्बाइन’ तयार केल्या. ओळख सोपी: खऱ्या रायफलीवर मॉडेलचा क्रमांक ५ असतो आणि वजन कमी करण्यासाठी सांगाड्यातून लोखंड कोरून काढलेलं असतं. नकलेत ते नसतं.

भाव नेमका ठरतो कसा?

समजा, अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात टेबलावर तीन थ्री नॉट थ्री आहेत आणि विकणारा प्रत्येकीचे ८०० डॉलर सांगतोय.

पहिली १९१७ ची, एनफिल्डची. मुकुट स्पष्ट, बोल्ट आणि सांगाड्याचा क्रमांक एक, नळीतल्या खाचा तीक्ष्ण, लाकडावर जुने ओरखडे पण कापाकापी नाही. दुसरी ईशापूरची. नव्याने काळा रंग दिलेला, बोल्टचा क्रमांक वेगळा, नळीत गंजाचे खड्डे. तिसरी लिथगोची, वॉर्निश मारून चकचकीत केलेली, पण पुढचं लाकूड कापलेलं.

नवख्याचा हात तिसरीकडे जातो, कारण ती सगळ्यात सुंदर दिसते. जाणकार पहिली उचलतो. ८०० ही तिची वाजवी किंमत असू शकते. दुसरीचा भाव त्याहून बराच खाली यायला हवा. तिसरी म्हणजे शिकारीची जुनी बंदूक, संग्रहाची वस्तू राहिलेली नाही. किंमत एकच सांगितली म्हणून माल एक होत नाही.

नवख्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत वेगळी. ऑनलाइन जाहिरातीत कुणीही पाच हजार डॉलर लिहू शकतो. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मालाचे आकडे बघा, तेही गेल्या वर्षभरातले. लिलावगृहाचं कमिशन त्यात धरलंय का, हेही तपासा.

दोन, नळी आतून बघितल्याशिवाय सौदा नाही. जुन्या लष्करी गोळ्यांच्या टोपीतल्या रसायनामुळे झाडल्यानंतर नळीत क्षार उरतात. साफ न केल्यास गंज चढतो. अशा जुन्या गोळ्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरं दिसली तर ती पुण्याच्या खडकी फॅक्टरीची. परदेशी संग्राहकांना ही दोन अक्षरं चांगलीच माहीत आहेत. पुण्यात बनलेली गोळी टेक्सासमधल्या माणसाला नळी धुवायला लावते!

तीन, ‘दुरुस्ती’ करू नका. जुनं लाकूड घासून वॉर्निश मारलं, लोखंड पॉलिश केलं की शिक्के पुसट होतात. वाचता येणारं जेवढं जातं तेवढी किंमत जाते.

चार, कहाणीला पुरावा मागा. अमुक लढाईत वापरली, तमुक अधिकाऱ्याची होती, या वाक्यांसोबत त्या काळातला कागद असेल तर किंमत वाढते. कागद नसेल तर कहाणी फुकट ऐका आणि रायफलीचेच पैसे द्या.

मग गेल्या दहा-पंधरा वर्षांत भाव इतके का चढले?

इथे विषय इतिहासातून थेट आजच्या राजकारणात येतो. या रायफली आता कुणी बनवत नाही. त्यामुळे भाव ठरतो तो कुठल्या देशाचं गोदाम उघडतं आणि कुठल्या सरकारची सही दार बंद करते यावर.

शीतयुद्ध संपलं आणि पूर्व युरोपातली गोदामं रिकामी होऊ लागली. २०१० च्या आसपास अमेरिकेत मोसिन-नागांत १०० डॉलरच्या आत मिळत होती. नव्या बुटांच्या किमतीत महायुद्धातली रायफल. मग २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि अमेरिकेने रशियन शस्त्रकंपन्यांवर निर्बंध घातले. २०२१ मध्ये अलेक्सी नवाल्नी विषप्रयोग प्रकरणावरून रशियन बंदुका आणि गोळ्यांच्या आयातीवर आणखी बंधनं आली. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं. आज त्याच मोसिनसाठी साडेतीनशे-चारशे डॉलर सहज मोजावे लागतात. रायफलीत काहीच बदललं नाही, बदललं ते जग.

अमेरिकी बनावटीच्या रायफलींचंही तसंच. मित्रदेशांना दिलेल्या एम-१ गॅरंड रायफली परत आणून विकायला २०१३ मध्ये ओबामा प्रशासनाने जवळपास बंदी घातली. अपवाद ठेवले ते संग्रहालयांसारखे मोजकेच. २०१८ मध्ये फिलिपिन्सने परत केलेल्या गॅरंड एका सरकारमान्य संस्थेमार्फत विक्रीला आल्या आणि संग्राहकांच्या रांगा लागल्या.

शिवाय, २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी छोट्या शस्त्रांच्या बेकायदा व्यापाराविरोधात कृती कार्यक्रम स्वीकारला. शिल्लक शस्त्रं शक्यतो नष्ट करावीत, हा त्यातला एक मुद्दा. यामागचं कारण महत्त्वाचं आहे. शिल्लक रायफल नेहमीच संग्राहकाच्या कपाटात जात नाही, ती यादवी युद्धातही पोहोचते. त्यामुळे संग्राहकाला जी टंचाई वाटते, ती दुसऱ्या कुणासाठी सुरक्षितता असते. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका नागरिकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या, तेव्हाही हाच विचार होता.

आणि कधी कधी एखादं गोदाम अचानक उघडतं. २००३ मध्ये नेपाळच्या लष्कराकडचा काठमांडूतला जुना शस्त्रसाठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. एका जुन्या राजवाड्यात धूळ खात पडलेल्या हजारो मार्टिनी-हेन्री, स्नायडर आणि नेपाळमध्येच बनलेल्या गहेंद्र रायफली बाहेर आल्या. एरवी दुर्मिळ असलेला माल एकदम बाजारात आल्याने नवख्यांनाही परवडू लागला.

भारतात हा छंद करता येतो का?

स्पष्ट सांगायचं तर, अमेरिकेसारखा नाही. आणि रील बघून प्रयत्न केलात तर तुरुंगाची वाट आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो. ठासणीच्या बंदुकीलाही लागतो. कोकणात शेतसंरक्षणासाठी जे परवाने दिले जातात ते याच कायद्याखाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेली बंदूकही या दोनमध्येच मोजली जाते.

त्यातही थ्री नॉट थ्री ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये येते, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाही. यावर उपाय म्हणून ईशापूरनेच ली-एनफिल्डच्या घडणीवर पॉइंट ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल बनवली. परवानाधारकांकडे दिसणारी ‘तीनशे पंधरा’ ती हीच.

बेकायदा बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं आणि प्रतिबंधित प्रकारातली असेल तर सात ते चौदा वर्षं कैद होऊ शकते. ‘आजोबांची आठवण आहे साहेब’ हा बचाव चालत नाही.

मग वाड्याच्या माळ्यावर जुनी बंदूक सापडली तर? कायद्यात एक सूट आहे. जुनाट किंवा पुरातन असलेलं आणि दुरुस्त करूनही झाडता येणार नाही असं शस्त्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतं. पण ते खरंच झाडता येत नाही, हे तुम्ही किंवा तुमच्या मामाने ठरवायचं नसतं. तिला हात लावून खटका ओढून बघू नका, आत जुनी दारू असू शकते. फोटो टाकून ‘भाव सांगा’ म्हणू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि जे होईल त्याची लेखी पोच घ्या. परवानाधारक व्यक्तीचं निधन झालं असेल तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यामुळे ती परस्पर परदेशात विकता येत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी दोन ओळी. तिथे ५० वर्षांहून जुन्या संग्राह्य बंदुकींसाठी ३० डॉलरमध्ये तीन वर्षांचा संग्राहक परवाना मिळतो, आणि १८९८ पर्यंत बनलेली बंदूक संघराज्याच्या कायद्याने ‘पुरातन’ ठरते. पण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर काही अपवाद सोडता बंदूक बाळगणं हाच संघराज्याचा गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, तरी राज्याचे नियम आधी बघा. आणि परत येताना ती सामानात टाकून आणायचा विचारही नको.

भारतात राहून डोळा तयार करायचा असेल तर पुण्याचं केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांचे शस्त्रविभाग आहेत. संगिनी, तलवारी, बंदुका काचेपलीकडून शांतपणे बघा. प्रत्येक वस्तूवर कारखाना, साल आणि मालकाची खूण शोधायची सवय लावा. त्याला ना परवाना लागतो, ना शेकडो डॉलर.

थोडक्यात काय, तर जुनी आहे म्हणून रायफल महाग नसते आणि चकचकीत आहे म्हणून चांगली नसते. आधी शिक्का वाचा, मग क्रमांक जुळवा, मग नळी बघा, मग प्रत्यक्ष विक्रीचा भाव तपासा आणि शेवटी विकणाऱ्याची कहाणी ऐका. आणि भारतात असाल तर या सगळ्याच्या आधी कायदा वाचा.